पडलेल्या घराचा पत्ता

पाकिटाच्या डिंकाचा वास आला, की भूकंपानंतरचं आमचं पत्र्याचं शेड आठवतं. लातूरला क्लास लावून मी विद्यापीठाच्या पूर्ण शिष्यवृत्तीची परीक्षा दिली होती. फी, वसतिगृह, जेवण, सगळं त्यात होतं. पण अर्जावर सवयीने पडलेल्या घराचाच पत्ता लिहून बसले होते. "आता पत्र काय ढिगाऱ्यात टाकतेत व्हय?" आई रोज चिडायची. एका दुपारी जुन्या गावचे पोस्टमनमामा घंटी वाजवत थेट शेडपाशी आले. "घर न्हाई ऱ्हायलं, पर पोरगी तर हाय की!" पाकीट फोडलं, निवड झाली होती! मी एवढ्या जोरात किंचाळले, की पुन्हा धक्का बसला समजून अख्खी वस्ती बाहेर पळाली. आजही 'कायमचा पत्ता' विचारला, की हात आधी तेच घर लिहितो.