भैरूनानाच्या डोक्यावरचा हात

आमच्या मुळशी पेट्यात तंबाखू न खाणारा बाप्या शोधून सापडला नसता. होता तो एकच, आणि तो माझा चुलता, भैरूनाना. पहिल्या महायुद्धात फौजेची खेचरं हाकायला इराकातल्या बसऱ्याला गेला तेव्हा त्याच्या कनवटीला चंची होती. परत आला तेव्हा चंची गेली होती आणि तिच्या जागी बोटभर उंचीची तेलाची बाटली होती.

"लढाईत डोकं फिरलं ह्याचं," गाव म्हणालं. घडलं होतं ते एवढंच, की तिथं एक गोरा सार्जंट नानाचा दोस्त झाला. तो मॉर्मन पंथाचा. येशू ख्रिस्ताला मानणारी माणसं ही, पण त्यांच्यात पगारी पाद्री नसतो. लोहार असो की शेतकरी, नीट चालीनं राहणाऱ्या पुरुषाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला याजकपण देतात, आणि त्यानं आपलं पोटापाण्याचं सांभाळून देवाचं काम फुकट करायचं. दारू, तंबाखू, चहा, सगळं बंद. सार्जंटानं नानाला तिथल्या नदीत बुडवून बाप्तिस्मा दिला, विलायतेहून परवानगी आणवली, डोक्यावर हात ठेवला आणि आमचा नाना याजक होऊन मुळशीला परतला. ज्यांचं याजकपण करायचं ती माणसं मात्र इथं औषधाला नव्हती.

माझे वडील हैबतराव म्हणजे नानाचे थोरले भाऊ. भावकीत त्यांचा शब्द चाले. त्यांनी आरडाओरडा केला नाही, फक्त पंगतीत नानाचं पान मांडणं बंद केलं. नाना एका शब्दानं भांडला नाही, आणि मला त्याचाच राग यायचा. माणसानं भांडावं की! त्याची बायको साळूकाकू भांडली, दोघांच्या वाट्याचं.

मग दर महिन्याला नाना धुतलेलं धोतर नेसून घरोघर जाऊ लागला. त्याच्या पंथात याजकानं आपल्या माणसांच्या घरी जाऊन विचारपूस करायची असते. आपली माणसं नव्हती, म्हणून त्यानं गावच आपलं धरलं. उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारायचा, "कुनी आजारी हाय का? काय कमी हाय का? घरात कुनाचं कुनाशी वाकडं न्हाई ना?"

तेव्हा आमच्या खोऱ्यात धरण बांधायचं घाटत होतं; आधी लोकांना वाटलं, धरणवाल्यांनी ह्याला चौकशीला नेमलाय. पण सगुणाबाईचं छप्पर पावसाआधी शाकारून झालं, दोन जावांची बंद पडलेली बोलाचाली सुरू झाली, तशी माणसं त्याची वाट बघू लागली. कुणी नारळ पुढं केला तर हा हात मागं घेई. "ह्या कामाचं काय घेत न्हाईत," म्हणायचा. "आन खरं तर हे काम जोडीनं करायचं असतं. माझी जोडी ऱ्हायली बसऱ्यात."

आमच्या दारातही यायचा. वडील ओसरीवर पाठ फिरवून बसत. आई आतून म्हणे, "समदं बरं हाय, भावजी." आमच्या दारात तो तिसरा प्रश्न विचारत नसे.

रविवारी साळूकाकू नाचणीची भाकरी करी. नाना तीवर प्रार्थना म्हणून एक घास खाई, घोटभर पाणी पिई. त्यांच्यात तसा प्रसाद असतो. काकूनं तो घास कधी घेतला नाही, पण नवऱ्याला त्यासाठी शिळी भाकरीही कधी दिली नाही. असा संसार मी पुन्हा पाहिला नाही.

त्याची खरी गट्टी होती ती धुळा धनगराशी. धुळा मेंढ्या राखायचा आणि देवऋषीपणही करायचा. भंडारा लावायचा, अंगारा द्यायचा, कोंबडं मागून घ्यायचा. "भैरू, येका म्यानात दोन तलवारी झाल्या रं," म्हणत तो नानाच्या अंगणात तंबाखू मळत बसे. एकदा आजारी मेंढीच घेऊन आला. "ठिव हात हिच्या डोक्यावर." नाना म्हणाला, "तेल मानसांचं हाय." पण मेंढीशेजारी बसून डोळे मिटले त्यानं. मेंढी मेली, आणि धुळा पुढं कितीतरी दिवस त्यावरून त्याला चिडवत होता.

ते तेल जैतुनाचं. प्रार्थना करून आजाऱ्यांसाठी राखलेलं. आजाऱ्याच्या टाळूवर थेंब लावायचा, मग डोक्यावर हात ठेवून देवाजवळ मागायचं. माझं पहिलं मूल घेऊन मी माहेरी आले होते तेव्हा त्याला ताप भरला. वडील शेतावर गेलेले बघून आई आणि मी परसदारानं नानाकडे गेलो. नानानं बाटली उपडी केली. एकच थेंब निघाला.

"नाना, उद्या तुलाच लागलं तर?" मी विचारलं.

तो हसला, पण मला ते हसू आवडलं नाही. "मला तेल आसून काय करायचं? आपला हात आपल्याच डोक्यावर ठिवून भागत न्हाई, पोरी. माझ्या डोक्यावर ठिवायला हितं हात हाय कुनाचा?"

मूल बरं झालं. तेलानं की आईच्या काढ्यानं, ह्यावर मी वाद घालणार नाही. वडिलांना कळलंच. ते नातवाकडे बघत राहिले.

पुढच्या भाद्रपदात मी गौरीला आले तर नाना अंथरुणावर. छातीत कफ, अंगात ताप. वैद्यानं मान हलवली. नाना औषध मागत नव्हता, पाणी मागत नव्हता. "सार्जंट आसता तर," एवढंच म्हणायचा, आणि काकूनं डोक्यावरून हात फिरवला की डोळे मिटायचा.

धुळानं ते ऐकलं. तो उठला तो थेट आमच्या ओसरीवर आला.

"हैबतराव, चला. हे काम दोघांचं आसतं. मी येकटा पुरत न्हाई."

"मला त्यातलं काय येतं?"

"मला तरी कुटं येतंय? त्यो झुरून चाललाय. उठा."

वडिलांच्या तळहातावर मळलेली तंबाखू होती. ती त्यांनी बराच वेळ बघितली, मग झटकून टाकली आणि उठले. मीही मागोमाग गेले.

धुळानं भंडाऱ्याची पिशवी आणि चंची अंगणातच ठेवली. दोघांनी हातपाय धुतले. त्यांना आत येताना बघून नानाला सगळं उमगलं. धाप लागत होती तरी म्हणाला, "धुळा, तुला अधिकार न्हाई रं. दादा, तुलाबी न्हाई. ज्याच्या डोक्यावर हात पडलाय, त्यानंच ठिवायचा."

मरायला टेकलेला माणूस नियम सांगत होता. मला हसावं की रडावं कळेना.

"न्हाई तर न्हाई," धुळा म्हणाला. "मी तुजं याजकपन कराया आलोच न्हाई. तेलबी नगं. देवाला तुज्यासाठी सांगाया आलोय. त्येला अधिकार लागतो का?"

नानानं खरोखर विचार केला. "मागायला लागत न्हाई," म्हणाला, आणि मान सैल सोडली.

धुळानं हात ठेवला. त्याच्या हातावर वडिलांनी आपला ठेवला. धुळा त्याला येत होतं ते पुटपुटला. मग वडिलांची पाळी आली. त्यांना कसली प्रार्थना येणार?

"देवा," ते शेवटी म्हणाले, "ह्याचं पान मी उचललं हुतं. मीच मांडीन. पन ह्याला उठीव."

नानाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं. मी तर पदर तोंडात कोंबून रडले.

नाना उठला, सावकाश उठला. दसऱ्याच्या पंगतीत वडिलांनी आपल्या शेजारी त्याचं पान स्वतः मांडलं. भावकीतलं कुणी ब्र काढला नाही.

ते गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. वैशाखात पाणी खाली गेलं की जोती दिसतात, आणि मी वेड्यासारखी आमचा उंबरा शोधत बसते. कारण त्या उंबऱ्याबाहेर मी एक दिवस दोघा भावांना उभं पाहिलंय. नाना काठी टेकत त्याच्या महिन्याच्या फेरीला निघाला होता, आणि जोडीला वडील होते. पहिलंच घर आमचं. नानानं दोन प्रश्न विचारले आणि सवयीनं थांबला.

वडिलांनी आपल्याच दारात उभं राहून घसा खाकरला. "घरात कुनाचं कुनाशी वाकडं न्हाई ना?"

आई चुलीपासून उठून दारात आली. तिनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"आता न्हाई," ती म्हणाली.