नाव ऐकल्याशिवाय नाव छापायचे नाही

अत्तारसाहेबांची आणि माझी पहिली गाठ पडली ती माझ्या एका कवितेमुळे, आणि ती कविता त्यांनी छापली नाही. मी तेव्हा अहमदपूरच्या एका शाळेत मराठी शिकवीत होतो. क्रमिक पुस्तकातल्या कविता वर्गात चालीवर म्हणता म्हणता आपणही कवी आहोत असे वाटू लागण्याचे ते वय. नांदेडच्या ‘दैनिक पाणवठा’च्या कचेरीत मी कविता घेऊन गेलो. संपादक करीमुद्दीन अत्तार यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “गुरुजी, कविता राहू द्या. पण ह्यात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. आमच्याकडं प्रुफं तपासायला येता का?”

उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता म्हणून गेलो, तो डोळे थकेपर्यंत तिथेच राहिलो. आज साहेबांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात चार शब्द लिहिताना तो शाईचा आणि अत्तराचा मिश्र वास पुन्हा येतो आहे. साहेबांच्या घरी तीन पिढ्या अत्तराचा धंदा. हे एकटेच खिळे जुळवायला छापखान्यात शिरले. उलटी अक्षरे सुलट्यासारखी वाचीत कंपोझिटरचे संपादक झाले. ‘पाणवठा’ चार पानांचा होता, मशीन पायाने चालवायचे होते, आणि अंक एसटीच्या टपावरून बिलोली, किनवटकडे जायचा. पुढे साहेबांनी लातूरला आवृत्ती काढली. तिला वर्षही झाले नव्हते आणि किल्लारीकडचा भूकंप झाला.

त्या दिवसांत आम्ही मृतांच्या याद्या छापीत होतो. गावोगावची नावे फोनवरून यायची, फोन मध्येच तुटायचा. मी प्रत्येक नाव डोळ्यांत तेल घालून तपासले. आठवड्याभराने एक धोतरवाला म्हातारा लातूरच्या कचेरीत येऊन साहेबांसमोर बसला. हातात आमचाच अंक.

“म्या ज्ञानोबा,” तो म्हणाला. “तुमी मला मारलाव की वो.”

गावात ज्ञानोबा दोन होते. गेला तो दुसरा. शुद्धलेखन अचूक होते; माणूस चुकला होता. साहेबांनी चहा मागवला. म्हातारा बशी तोंडाला लावत म्हणाला, “मेल्या माणसाला कुनी चहा पाजत न्हाई, तुमी पाजून राहिलाव. पर माझी लेक तिकडं इस्लापूरला सुतक धरून बसलीय, तिला कोन सांगावं?”

“मी सांगतो,” साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, जिथे यादी आली होती त्याच जागी, त्याच टायपात छापून आले: ज्ञानोबा हयात आहेत, चूक आमची आहे. आणि साहेब स्वतः एसटी बदलत बदलत त्यांना घेऊन इस्लापूरला गेले. लेकीने बापाला पाहिले आणि आधी साहेबांनाच फैलावर घेतले. “पेपरवाले हाव म्हून काय बी छापताव व्हय?” साहेब मान खाली घालून उभे राहिले, आणि मग तिच्या हातची भाकरी खाऊन परतले.

त्या दिवसापासून ‘पाणवठ्या’त एक नियम झाला. नाव ऐकल्याशिवाय नाव छापायचे नाही. ज्याचे नाव, त्याला किंवा त्याच्या घरच्याला ते वाचून दाखवायचे आणि होकार आपल्या कानांनी ऐकायचा. आमचे बातमीदार भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहून यादी मोठ्याने वाचू लागले. मी एकदा बरोबर गेलो होतो. शाळेतली हजेरीच जणू. एकेका नावाला घरचे कुणी होकार देत, आणि मधूनच कोपऱ्यातून आवाज येई, “हाय, हाय. म्या हाय.” अशी कितीतरी माणसे त्या यादीतून उठून बसली. इतकी सुंदर हजेरी मी माझ्या वर्गात कधी घेतली नाही.

पुढे लातूरचे दिवस पालटले. गल्लोगल्ली क्लास निघाले, निकालाच्या दिवसांत पहिल्या पानभर जाहिरात येऊ लागली, गुणवंतांच्या फोटोंची. त्या जाहिरातींवरच अंक चाले. एका वर्षी सर्वांत मोठ्या क्लासची जाहिरात आली. साहेब म्हणाले, “गुरुजी, नावं ऐका.” मी फोन लावत गेलो. अहमदपूरकडच्या एका मुलीचे वडील एसटीच्या वर्कशॉपात होते. ते म्हणाले, “कंचा क्लास? आमची रुक्मिण वाचनालयात बसून शिकली. त्या क्लासची पायरी बी चढली न्हाई.”

क्लासचे सर समजूत घालायला आले. “साहेब, जाहिरात हाय ती. बातमी न्हाई.”

“कागद एकच आहे, जनाब. वाचणाऱ्याला दोन्हीकडं माणसाचं नावच दिसतं. हे एक काढा, बाकीचं छापतो.”

“एक काढलं की बाकीच्यांवर संशय. छापा तर सगळी, न्हाईतर एक बी नको. आन् मग आमीच न्हाई, कुनाचीच जाहिरात येनार न्हाई, बघा.”

सर गेले. धमकी पोकळ नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होते. व्यवस्थापक म्हणाले, “साहेब, हा मोसम गेला तर लातूरची आवृत्ती बंद. पहिलं पान काय कोरं सोडायचं?”

“कोरं कशाला? नावं आहेत की.”

त्या दुपारी सगळी कचेरी फोनला बसली. आम्ही शाळाशाळांतून गुणवंतांची नावे घेतली, प्रत्येकाला वाचून दाखवली. कुठे शिकलात, कोणी शिकवले, हेही त्यांच्याच तोंडून ऐकले. कुणी क्लासचे नाव सांगितले, तर तेही छापले. सकाळी पहिले पान त्या नावांनी भरून आले. दहापर्यंत अंक संपले. रुक्मिणीच्या वडिलांनी अहमदपूरच्या स्टँडवर गठ्ठाच उचलला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटला.

पुढचे काही महिने मात्र कठीण गेले. अंक पुन्हा चार पानी झाला. पण लातुरात पालक एकमेकांना विचारू लागले, “पाणवठ्यात आलंय का? मग खरं.” शेवटी पुढच्या निकालाला तेच सर स्वतः आले. हातात यादी, आणि प्रत्येक नावाला विद्यार्थ्याच्या हातचे पत्र जोडलेले. साहेबांनी जाहिरात घेतली. पत्रे होती तरी नावे ऐकायला लावलीच. सर हसून म्हणाले, “तुमचं समाधान न्हाई व्हायचं.” “नाही,” साहेब म्हणाले, आणि त्यांच्यासाठीही चहा मागवला.

साहेबांचा कडकपणा सर्वांना माहीत आहे. माया कमी जणांना. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा ते रोज घरी येऊन मला अंक वाचून दाखवीत. “स्वल्पविराम,” असेही मोठ्याने म्हणत. मी म्हटले, “साहेब, विरामचिन्हं राहू द्या.” तर म्हणाले, “तुम्हाला गाळलेलं चालतं का?” माझी कविता मात्र त्यांनी आजतागायत छापली नाही. आता मलाही ती छापावीशी वाटत नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी रुक्मिणीला फोन केला. ती आता बिलोलीला डॉक्टर आहे. तिचे नाव तिला वाचून दाखवले, सगळी हकिगत ऐकवली. ती म्हणाली, “छापा, गुरुजी. आणि साहेबांना म्हणावं, तब्येत दाखवायला या. लई दिवस झाले.”

साहेब, जरूर जा. कान, डोळे, पाय सगळे धड राहू द्या. आपल्या मुलुखात रोज नवी माणसे नाव काढताहेत, आणि ती नावे ऐकून घेणारे कान आम्हाला अजून पुष्कळ वर्षे हवे आहेत.