कठड्याचा मांडव

२ डिसेंबर १९५६, रविवार. जिना धुवायची पाळी माझी होती.

आमच्या ब्लॉकमध्ये चार बिऱ्हाडं, दोन खाली आणि दोन वर, आणि सगळ्यांना मिळून एक जिना. सरकारी नोकरांसाठी नानाखेड्याच्या रस्त्याला, शेतांच्या कडेला ही कॉलनी बांधायला घेतली होती. आमचा ब्लॉक पुरा झाला, असं कागदावर होतं. दुसऱ्याला प्लास्टर नव्हतं, तरी तिथे लोक राहायला आले होते. तिसऱ्याचं नुसतं जोतं होतं आणि त्या जोत्यात बोरीचं झुडूप वाढलं होतं. मधल्या चौकात विटांचे तुकडे, वाळू आणि चुन्याचा उघडा हौद. प्रत्येक घरची बाई सकाळी आपल्या दारापुढे सडा घालायची, सुरेख रांगोळी काढायची, आणि केर चौकात लोटून द्यायची. चौक कुणाचाच नव्हता.

जिनाही कुणाचाच नव्हता, म्हणून मी पाळ्या लावल्या. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवत असे. पोरींना ओळीत बसवायची सवय होती, ती शेजाऱ्यांवर चालवली. कुरकुर झाली, पण जिना धुतला जाऊ लागला.

धुतला तरी एक गोष्ट राहतच होती. जिन्याला कठडा नव्हता. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोकळी हवा. गज बसवायला पायऱ्यांच्या कडेला चौकोनी भोकं ठेवलेली, आणि भोकांत पोरांनी चिंचोके भरलेले. आम्ही सगळे भिंतीला खांदा घासत चढायचो. माझ्या दोन चोळ्यांचे उजवे खांदे त्यात विरले.

वरच्या काकूंची सून मात्र दोन महिने खाली उतरलीच नव्हती. पाचव्या महिन्यात तिचा पाय सरकला आणि ती पायरीवर मटकन बसली. लागलं काही नाही, पण काकूंनी त्याच दिवशी जिना बंद केला. आता सातवा संपत आला होता. पोरीला आई नव्हती, तेव्हा पहिलटकरीण असूनही माहेरी जायचा प्रश्न नव्हता. बाळंतपण इथेच. आणि घरी येऊन तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, दवाखान्यातच आणा, घरी नको.

"आणा म्हणायला काय जातं?" काकू म्हणायच्या. "कळा सुरू झाल्यावर त्या जिन्यावरून? मी सुईण बोलावीन, पण पोरीला त्या कड्यावरून उतरवणार नाही."

सून माझ्यापाशी हळूच म्हणायची, "मावशी, मला दवाखान्यात जायचंय हो. सुईणीची भीती वाटते." आणि लगेच हसून, "आणि ती बोरं! खिडकीतून दिसतात. रोज मोजते मी. पोपट माझ्याआधी खाणार."

पुरुषमंडळी स्वस्थ बसली नव्हती. त्यांनी अर्ज केले होते. आधी कठड्यासाठी, मग कठड्याच्या अर्जाचं काय झालं त्यासाठी. पण ज्या सरकारनं जिना बांधला, ते मध्य भारत सरकारच एक नोव्हेंबरपासून उरलं नव्हतं. आता राजधानी भोपाळ. इथले साहेब म्हणायचे तिकडे विचारा, तिकडून कळायचं की फाइली अजून वाटेत आहेत. आमचे हे महसुलात होते. ते सांगायचे, "अगं, पूर्ण राज्य बनून राहिलंय, त्यात तुझा कठडा कुठे शोधणार ते?"

"मग आपणच बनवू," मी बादली पालथी करत म्हटलं. "बांबू आहेत."

बांबू होते. ठेकेदार गेला, पण परांचीचे बांबू आणि त्यांच्यावर एक म्हातारा चौकीदार मागे ठेवून गेला. चौकीदार विटांच्या ढिगावर बिडी ओढत ऊन खात बसलेला असायचा. मी गेले आणि विचारलं.

"सरकारी माल है, बाई साब. कॉलनी से बाहर नहीं जाएगा."

"बाहर कौन ले जा रहा है? यहीं का यहीं. उस जीने पर."

त्यानं जिन्याकडे पाहिलं. "वहाँ तो मेरी नज़र में भी रहेगा," तो म्हणाला आणि स्वतःच दोन चांगले, लांब बांबू काढून दिले.

कल्पना माझीच होती. जिन्यावर उभं राहून एकेक बांधण्यापेक्षा चौकात आडवं ठेवून सगळा साचा बांधावा आणि मग उचलून जिन्याच्या कडेला लावावा. शिवणात तसंच करतात, तुकडे जमिनीवर पसरून जोडायचे. दोन लांब बांबू समांतर ठेवले. त्यांच्यावर वीतवीत अंतरानं आडव्या कामट्या. प्रत्येक सांधा काथ्यानं करकचून आवळला. आमचे हे, काकूंचे यजमान, त्यांचा मुलगा आणि आमच्या शेजारचे पोस्टातले भाऊ, अशी चार माणसं कामाला. सगळे खुशीत होते. अर्ज लिहिण्यापेक्षा गाठी मारणं बरं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

जिना नुकताच धुतलेला, म्हणून मी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. चौघांनी साचा खांद्यावर घेतला. दोन पुढे, दोन मागे. साचा पायऱ्यांना टेकेल तिथे भरायला चुन्याचा माल कालवला होता. तो मडक्यात होता, आणि मडकं घेऊन पुढे कुणीतरी चालायला हवं होतं, म्हणून दुसऱ्या ब्लॉकमधल्या एका गृहस्थांनी ते हातात घेतलं. सावकाश, पाय जपून, मान खाली घालून मंडळी निघाली.

रस्त्यानं एक सायकलवाला चालला होता. तो खाली उतरला, त्यानं डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि मला हळू आवाजात विचारलं, "कौन शांत हुआ, बहनजी?"

मला क्षणभर कळेना. मग मी वळून पाहिलं. उघड्या पायांचे चौघे, खांद्यावर काथ्यानं बांधलेले दोन बांबू, आडव्या कामट्या आणि पुढे मडकं. पोस्टातले भाऊ तर धोतरात होते.

"कोई नहीं," मी म्हटलं, "जीने का काम है." बिचारा तरीही मंडळी पुढे जाईपर्यंत उभाच राहिला.

वरून मात्र काकूंचा आवाज आला. "अगं बाई! कुणाच्या घरची तिरडी आणताय माझ्या दारात?"

"कठडा आहे, काकू!"

"तो कठडा तिरडीसारखा दिसतोय, ते तुम्हाला दिसत नाही का, मास्तरीणबाई? आणि मडकं? आता फक्त शंख फुंकायचा राहिला!" काकूंनी सुनेला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

साचा बसवला. मी स्वतः त्याला लटकून पाहिलं, जरा हलला नाही. इतका मजबूत कठडा सरकारनंही बसवला नसता. आणि त्याला कुणी हात लावेना. तो तिरपा जिन्यावर टेकलेला आणखीच भयंकर दिसत होता. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या ब्लॉकमधल्या बायकासुद्धा त्याच्यापासून अंग चोरत भिंतीला घासून चढू लागल्या. पोस्टातल्या भाऊंनी चहा पिताना कपाळाला हात लावला. "वहिनी, मी ते खांद्यावर घेतलं होतं," ते म्हणाले. "घरी गेल्यावर आईनं आंघोळ करायला लावली. डिसेंबरात!"

हसू येत होतं, पण काकूंवर हसून भागणार नव्हतं. उद्या खरोखर कळा सुरू झाल्या तर ती पोर वर अडकणार, आणि सुईण येणार. मी वर गेले. काकू तांदूळ निवडत होत्या. आमच्या ह्यांनीही मागून येऊन समजावलं, "काकू, तोच बांबू लग्नाच्या मांडवाला लागतो ना?"

"मांडवाचा बांबू उभा असतो," काकू मान वर न करता म्हणाल्या. "आडव्यावर माणूस निजवतात."

बोलणं संपलं असं आमच्या ह्यांना वाटलं. मला वाटलं की आता कुठे सुरू झालं.

"उभा असला तर चालेल?" मी विचारलं.

काकूंनी सूप खाली ठेवलं. "म्हणजे?"

"मांडव घालते जिन्याला. पायऱ्यांच्या भोकांत बांबू उभे रोवू. हाताला धरायला आतून एक बांबू लागेलच, पण त्याला कापड गुंडाळते, काथ्या दिसणार नाही. सुनेच्या डोहाळजेवणासाठी मांडव. चौकातच करू डोहाळजेवण."

"डोहाळजेवणाला कुणी मांडव घालतं का?"

"कुणी घातला तर कोण अडवणार? फक्त पहिली मेढ मला रोवता येणार नाही. मुहूर्तमेढ घरच्या सवाष्णीनं पुजायची. मी बाहेरची."

काकूंनी सूप पुन्हा उचललं आणि दोन खडे टिपून टाकले. मग म्हणाल्या, "आंब्याचा डहाळा लागेल. हळकुंड आहे माझ्याकडे. सुपारीही आहे. आणि ते चिंचोके काढा आधी भोकांतून, घाण नुसती!"

साचा उतरवून सोडला. सोडायला बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण गाठी माझ्या देखरेखीखाली मारलेल्या होत्या. शुक्रवारी सकाळी काकूंनी सर्वांत खालच्या भोकातल्या बांबूला हळदकुंकू लावलं, आंब्याचा डहाळा बांधला आणि आम्हा सगळ्यांना हुकूम सोडायला सुरुवात केली. बांबू सरळ नाही. चुना कमी पडला. चौक असा केरानं भरलेला असताना मांडव शोभेल का? ज्या बायका रोज चौकात केर लोटत होत्या, त्यांनीच टोपल्या भरभरून केर आणि विटा बाजूला नेल्या. चुन्याच्या हौदावर फळ्या पडल्या. चौकीदारानंही बिडी विझवली आणि एक कोपरा झाडला. त्याच्या ढिगातले आणखी पाच बांबू गेले होते, पण कॉलनीबाहेर एकही नव्हता, त्यामुळे त्याची तक्रार नव्हती.

कापडाची चिंता मला नव्हती. भैरवगढच्या कापडछपाईच्या कारखान्यातून आमच्या शिवणवर्गाला चुकलेले तुकडे मिळायचे, कुठे ठसा सरकलेला, कुठे रंग पसरलेला. लाल आणि काळे. मी पट्ट्या फाडल्या आणि हाताच्या बांबूला वरपासून खालपर्यंत गुंडाळून शिवून टाकल्या. चुकलेली फुलं दोन हातांवरून कुणाला दिसत नव्हती.

चुना वाळायला दोन दिवस दिले आणि रविवारी दुपारी सून उतरली. हिरवी साडी, फुलांची वाडी, चेहऱ्यावर भीती आणि आनंद दोन्ही. काकू तिच्या पुढे, तिच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी उतरत होत्या, आणि आम्हा सगळ्यांना सुनेपेक्षा काकूंचीच धडकी भरली होती.

"काकू, तुम्ही पडाल!"

"गप्प बसा! पोरी, धर. घट्ट धर. कापड बघू नकोस, पायरी बघ."

पोरीनं घट्ट धरलं. शेवटच्या पायरीवरून ती चौकात उतरली, तेव्हा काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघत होते.

ओटी भरली, गाणी झाली, पंगत बसली. पण सुनेचं लक्ष पानावर नव्हतंच. जेवण होताच ती तिसऱ्या ब्लॉकच्या जोत्याकडे निघाली, मागून आम्ही पाचसहा बायका. बोरं निम्मी हिरवी होती. तिनं एक तोडलं, चावलं आणि डोळे गच्च मिटले.

"आंबट?" मी विचारलं.

"भयंकर," ती म्हणाली आणि दुसरं तोडलं.

"खोकला होईल," काकू म्हणाल्या. मग स्वतः एक तोडून पदरात पुसलं. "बघू."

उन्हं कलल्यावर ती स्वतःहून वर गेली. काकू मागे होत्या, पण हात लावला नाही. मधल्या पायरीवर ती थांबली, कठड्याला जरा हलवून पाहिलं आणि म्हणाली, "आई, रात्री असलं तरी उतरेन मी. कंदील धरा फक्त."

काकू कठड्याला हात लावून वर गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी खिडकीतून मला हाक मारली. "मास्तरीणबाई, त्या सुईणीला नको म्हणून सांगायचंय. तुम्ही सांगाल का? मला नाही जमायचं, तिची माझी जुनी ओळख आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी सुईणीकडे गेले. ती समजुतीनं हसली, उलट मलाच चहा पाजला. मग काकूंना टांग्यात बसवून जनाना दवाखान्यात नेलं आणि सुनेचं नाव घालून आले.