तिसऱ्या हाकेला ओ

मयेकर बाई गेल्याचं मला फोनवर कळलं. पण त्या आधी थोडा वेळ सहावीच्या मुली स्टाफरूमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. दुपारची वेळ, मी चाचणीचे पेपर तपासत बसलेलो. "सर, बाई आल्या," त्यातली एक म्हणाली. कुठल्या बाई, मी मान वर न करता विचारलं. "वाचनालयातल्या. आतून हाक मारलानी, सानिकाला." मी खेकसलोच. बाई रत्नागिरीला दवाखान्यात होत्या, रविवारी मी स्वतः त्यांना भेटून आलो होतो, त्यांना उठून बसताही येत नव्हतं. मुली पांगल्या. सानिका तेवढी मागे राहिली आणि हळूच म्हणाली, "एकदाच मारलानी, सर. म्हणून मी ओ नाय दिली." आणि मग माझा फोन वाजला. बाईंच्या भाच्याचा होता.

मी गणिताचा मास्तर. त्यातून घाटावरचा. या शाळेत येऊन इतकी वर्षं झाली तरी इथले लोक मला घाटावरचाच समजतात आणि मीही मासे खाताना काटे मोजतो. असलं काही मी लिहून वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवीन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं. पण बाईंना जाऊन आता दोन महिने होत आले, तेव्हा नुकता धरू लागलेला मोहोर जाऊन कैऱ्या लागल्या, आणि माझ्या डोक्यातून ती दुपार जात नाही… म्हणून लिहितो.

आमची शाळा पावसच्या रस्त्याला, आंब्याच्या बागांना लागून. मुलं अर्धी खालच्या कोळीवाड्यातली, अर्धी वरच्या वाड्यांमधली, आणि वरच्यांपैकी बऱ्याच जणांचे बाप मुंबईला. वाचनालय म्हणजे चिऱ्याच्या इमारतीतली टोकाची लांबट खोली. आत लोखंडी रॅकच्या रांगा, कसर लागू नये म्हणून पुस्तकांत ठेवलेल्या वेखंडाचा उग्र वास, आणि शेवटच्या रॅकच्या मागे बाईंचं टेबल. दारातून बाई कधी दिसायच्या नाहीत, नुसता त्यांचा आवाज यायचा. मुलांना कपाटापाशी सोडून "घ्या हवं ते" म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. कोण कुठल्या चित्रापाशी रेंगाळतो, कोण कशावर हसतो, हे त्या रॅकच्या फटीतून दिवसचे दिवस बघत राहायच्या. मग एक पुस्तक काढून टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवायच्या आणि त्या मुलाला नावाने हाक मारायच्या. हळू आवाजात, एकदा.

सुरुवातीला एकही मूल जाईना. बाई हाक मारायच्या आणि ज्याचं नाव घेतलं तो पोरगा जागच्या जागी ताठ व्हायचा. बाई रत्नागिरी शहरातल्या, रोज एसटीने यायच्या. त्यांना वाटलं, पोरं उर्मट आहेत. शेवटी आमच्या अनंता शिपायाने उलगडा केला. "बाई, दिसत नाय अशा माणसानं एकदा हाक मारली तर आमच्याकडं कोण ओ देत नाय. ती असते ना, ती एकदाच हाक मारते. ओ दिली की घेऊन जाते. माणूस असलं तर तीनदा मारतं." मी तिथेच होतो, मला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तीनदा मारू. आपण माणूस आहोत एवढं पटवायला तीन हाका काही महाग नाहीत, काय ओ सर?"

त्या दिवसापासून तीन हाका सुरू झाल्या. पहिल्या हाकेला सगळा वर्ग गप्प व्हायचा. दुसरीला ते मूल उठून उभं राहायचं. तिसरीला "ओ, बाई" म्हणत रॅकच्या मागे जायचं आणि पुस्तक घेऊन परत यायचं तेव्हा त्याचा चेहरा निराळाच असायचा. ज्या घरांत पंचांगाशिवाय छापील कागद नव्हता, तिथली मुलं त्या हाकेच्या ओढीने वाचनाच्या तासाची वाट बघायला लागली. हाक आपल्याला केव्हा येणार, यावर पैजा लागायच्या. मी बाईंची चेष्टा करायचो की तुम्ही वाचनालय चालवता की भुताटकी. त्या म्हणायच्या, "तुम्हालाही मारीन एक दिवस हाक. तुमचं पुस्तक अजून सापडलेलं नाही." मी गोष्टीचं पुस्तक कधी हातात धरत नाही, हा त्यांच्या मनातला जुना सल होता.

सानिकाला मात्र त्यांनी कधीच हाक मारली नाही. वडील मुंबईला हॉटेलात, घरी ही आणि आई. वाचताना अडखळायची, वर्ग हसायचा, म्हणून ती पुस्तक उघडून नुसती पानं उलटत खिडकीशी बसायची. बाहेरच्या आंब्यावर लाल मुंग्या पानं शिवून घरटं करत असतात, ते बघत. सगळ्यांना हाक येऊन गेली, ही तेवढी राहिली. मला ते बरं दिसेना. बाईंना तसं म्हणालो तर त्या म्हणाल्या, "उगाच काहीतरी हातात कोंबलं तर ती पानंच उलटेल, सर. आणि मग जन्मभर उलटत राहील. मी शोधतेय तिच्यासाठी." शोधता शोधता त्या आजारी पडल्या.

बाई गेल्या आणि मुलांनी वाचनालयात पाय टाकायचं सोडलं. त्या दुपारची ती हाक एकट्या सानिकाने ऐकली नव्हती. तासाला मुलं व्हरांड्यात उभी राहायची, आत कुणी जाईना. पालकांपर्यंत गोष्ट गेली. मुख्याध्यापक वैतागले आणि म्हणाले की कुणी येतच नसेल तर पोषण आहाराच्या तांदळाची पोती तिथे ठेवू, महिनाअखेरीपर्यंत बघा काय ते. वाचनालयाचा जादा भार माझ्या गळ्यात पडला होता. मी रोज कुलूप उघडून दाराशी बसायचो. आत एकटी सानिका यायची. खिडकीशी नाही, रॅककडे तोंड करून बसायची. एकदा न राहवून विचारलं, तुला भीती नाही वाटत? म्हणाली, "एक झालीय. दोन बाकी हायत."

पोती यायच्या आदल्या दिवशी बाईंचं टेबल हलवायला म्हणून मी पहिल्यांदा त्या शेवटच्या रॅकच्या मागे गेलो. टेबल रिकामं होतं. उजव्या कोपऱ्यावर तेवढं एक पुस्तक. मोठ्या अक्षरांचं, चित्रांचं, मुंग्यांवरचं. बाई दवाखान्यात गेल्या त्या दिवशी टेबल पुसलं तेव्हा तिथे काही नव्हतं, असं अनंता शपथेवर सांगतो. अनंताच्या पुसण्यावर माझा फारसा विश्वास नाही. पण वेखंडाचा वास त्या पुस्तकाला अगदी ताजा होता.

मी बाईंच्या खुर्चीत बसलो. फटीतून सानिकाची वेणी दिसत होती. बाई हे सगळं इथूनच बघायच्या तर… मला फार भरून आलं. त्या पोरीला आपण फसवतोय की काय, असंही वाटलं. तरी मी हाक मारली, "सानिका." जमेल तितकी हळू. दुसरी मारायला गेलो तर आवाजच फुटेना. बाहेर वारा पडलेला, पान हलत नव्हतं.

आणि पलीकडून स्वच्छ आवाज आला, "ओ, बाई." बाक सरकला. ती रॅकला वळसा घालून आली आणि दोन्ही हात पुढे केले. मी पुस्तक दिलं. म्हटलं, "अगं, मी एकदाच हाक मारली." "व्हय. तुमची ती दुसरी," ती म्हणाली. "तिसरी बाईंनी मारलानी की. तुम्ही हतं, टेबलापाशीच होता ना?"

पुस्तक घेऊन ती व्हरांड्यात गेली आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवायला लागली, अडखळत, पण न थांबता. तीन हाका पुऱ्या झाल्या, म्हणजे त्या बाईच होत्या, दुसरं कुणी नव्हे, असं मुलांचं ठरलं आणि दोन दिवसांत खोली पुन्हा भरली. पोती जिन्याखाली गेली. पुस्तकं मी निवडतो, कशीबशी. मुलं सांगतात, सरांची हाक घाटी हाय. बाईंच्या खुर्चीत मी बसत नाही, स्टूल घेतलंय.

परवा शाळा सुटल्यावर वेखंड बदलत होतो. पहिल्या रॅकपाशी असताना शेवटच्या रॅकमागून कुणीतरी म्हणालं, "सर." हळू आवाजात, एकदा. मी ओ दिली नाही. इतकी वर्षं इथे राहून एवढं तर शिकलोच आहे. कुलूप लावून घरी आलो. तेव्हापासून शाळा सुटली की थोडा वेळ तिथे थांबतो.