अर्ध्या मिनिटाचं रॉक

देऊळघाटातल्या आमच्या डीजेवाल्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. लग्नात स्पीकर तपासायला तो एका परदेशी रॉक बँडचं गाणं लावतो, कारण त्यात ड्रम दणदणीत वाजतात. आम्ही पोरं त्या बँडच्या प्रेमात पडलो ते तिथंच, केबलच्या वेटोळ्यांवर बसून. पण गायकानं तोंड उघडलं, की हा खर्रा चघळत गाणं बंद करतो आणि माइकमध्ये ओरडतो, "हॅलो, चेक!"

"भाऊ, पुरं वाजवा नं," मी एकदा म्हटलं.

"पुरं आइकून काय करतं बे? आवाज तं पोहोचला!"

आता ते गाणं मी मोबाइलवर पूर्ण ऐकतो. पण गायकानं तोंड उघडलं आणि "हॅलो, चेक" आलं नाही, की चुकल्याचुकल्यासारखं होतं. वाटोळं केलं गाढवानं!