आबांनी दुधाचा चहा घेतला

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या एका हातात बिल्ला मारायची पक्कड होती आणि दुसऱ्या हातात एका गायीचा कान. फोन खिशात वाजत राहिला. जनावर असं अर्धवट सोडता येत नाही. मी बिल्ला मारला, नमुन्याची कुपी नीट बंद झालीय ना ते पाहिलं, गायीच्या पाठीवर थाप दिली आणि मग फोन घेतला. पलीकडे सुनंदाताई होती, आबांची मुलगी. "आबा गेले गं... झोपेतच गेले." गोठ्याच्या भिंतीला टेकून मी रडले. पण खरं सांगते, रडता रडता मनात पहिला विचार आला तो हा, की बरं झालं, आबांनी चहा घेतला होता. आता काका गेल्यावर कुणाला चहा का आठवावा, ते नीट सांगायला हवं.

आबा म्हणजे माझे मोठे काका. शिंदखेडा तालुक्यातलं आमचं गाव, कोरडवाहू शेती. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुठंही मान ताठ ठेवून सांगते. बी.एस्सी. झाले आणि देशी गायींच्या डीएनएचे नमुने गोळा करायच्या एका प्रकल्पात कामाला लागले. आबा ओट्यावर आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "हाई आमनी पोरगी. ढोरेसनी डाक्टर शे." मी म्हणायचे, "आबा, मी डॉक्टर नाही हो." त्यावर ते डोळे मिचकावायचे, "मंग कान कशी टोचस तू?" त्या ओट्यावर दिवसभर चहा चालायचा. बशीत ओतून, फुर्र करून प्यायचा आणि संपला की कप बशीवर पालथा घालायचा, ही आबांची पावती. कप पालथा झाला म्हणजे पाहुण्याशी आपलं जमलं.

आमचं काम दिसायला सोपं आहे. पक्कड दाबली की बिल्ला कानात बसतो आणि त्याच दाबानं कानाचा मसुराएवढा तुकडा छोट्या कुपीत जाऊन पडतो. बिल्ल्यावर जो नंबर, तोच कुपीवर. मी शिकल्यावर पहिली गाय धरली ती आबांची हरणी. पांढरीशुभ्र, उजवं शिंग थोडं आत वळलेलं. तिनं मान झटकली, तेव्हा माझ्याआधी आबाच "अय् अय्..." करत कळवळले. गावातला वळू आणि बाकीच्या गायी यांचे नमुनेही मी त्याच आठवड्यात घेतले. पुढं पोळ्याच्या आधी नदीकडं चरायला गेलेली हरणी परत आलीच नाही. आबा सायकल घेऊन गावोगाव फिरले. तिचं दावं मात्र त्यांनी खुंटीवरून काढलं नाही.

सुनंदाताई रावेरकडं दिलेली. तिचे सासरे, म्हणजे आबांचे व्याही नाना, केळीच्या बागेत रमणारा माणूस. हरणी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात आबा लेकीकडं गेले आणि नानांच्या गोठ्याशी पाय रोवून उभे राहिले. पांढरी गाय, उजवं शिंग आत वळलेलं... आणि डाव्या कानाचं टोक फाटलेलं, बिल्ला ओढून काढल्यासारखं. नाना सहज म्हणाले, "बाजारातून आनली. कान फाटकाच व्हता." आबांनी त्या कानावरून नुसता हात फिरवला. बोलणार काय? लेकीच्या सासऱ्याला चोर म्हणायचं, तर लेकीनं त्या घरात नांदायचं कसं?

तेवढ्यात चहा आला. त्याच गायीच्या दुधाचा. आबांनी कपाला हात लावला नाही. "शुगर निघनी," म्हणाले. पुढच्या खेपेला विहीणबाईंनी बिनसाखरेचा केला, तर म्हणाले, दुधानं कफ होतो. त्याच्या पुढच्या खेपेला बिचारीनं कोरा चहा आणला. तो आबांनी एका दमात प्यायला, पण कप पालथा घातला नाही. परत आल्यावर मला बाजूला घेतलं. "बेटा, ती मन्ही गाय शे. तू इतला कान टोचस, तीना बी टोच."

हरणीचा नमुना आमच्याकडं होताच. जुळलं तर सुनंदाताईचं घर मोडायला मीच कारण. लहानपणी माझी वेणी घालणारी, माझ्या फीसाठी आबांशी भांडणारी ही बहीण. मी आबांना स्पष्ट सांगितलं, की नाना स्वतःहून गाय आणतील तरच मी नमुना घेईन, आणि जे येईल ते येईल, मी त्यात काही बदलणार नाही. आबा म्हणाले, "बदलू नकोच. पन आधी माले सांग."

रावेरच्या बाजूला आमचं शिबिर लागलं तेव्हा सगळ्यांच्या आधी गाय घेऊन आले ते नानाच. त्यांनी स्वतः तिचं तोंड धरलं, मी चांगल्या कानात बिल्ला मारला. "हळू मार वं पोरी, दुधाची हाये ती," म्हणाले. चोर असा येईल का? मी हे आबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "चोरबी हुशार ऱ्हास." आमच्या प्रकल्पाच्या मॅडमनाही मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, एकच जनावर दोनदा आलंय का हे आम्ही तसंही तपासतो, तू गप्प बस आणि वाट बघ. वाट बघणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. ताईचा फोन आला की मी दोन-तीन रिंग वाजू द्यायचे. तिलाही काहीतरी जाणवत होतं. "आबा आमच्याकडं असे का वागतात गं?" विचारायची. मी विषय बदलायचे.

अखेर मॅडमचा फोन आला. दोन्ही गायी वेगळ्या. पण बाप एकच, आमच्या गावचा वळू. गावातल्याच कुणीतरी विकलेली कालवड बाजारातून फिरत फिरत नानांच्या गोठ्यात पोचली होती. म्हणून ते शिंग तसं! मी धावत आबांकडं गेले. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. मग ते ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि इतका मोठा श्वास सोडला, की मला वाटलं वर्षभर रोखून धरला होता. हरणी गेली ती गेलीच, तिचा पत्ता लागलाच नाही. पण त्या क्षणी आबांना गाय मिळाल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही एसटीनं रावेर गाठलं. विहीणबाईंनी सवयीनं कोरा चहा आणला. आबा म्हणाले, "दूध टाका. साखरबी टाका." विहीणबाई नानांकडं बघायला लागल्या. आबांनी बशीत ओतून फुर्र केलं, कप पालथा घातला आणि मान खाली घालून व्याह्यांना म्हणाले, "याही, मी तुम्हले चोर समजना व्हतू."

नाना हसायलाच लागले. "मले ठाव व्हतं, आबा. गोठ्यात तुमी गायीचा कान पाह्यला तवाच शंका आलती. तुमी केळाची पिशवी इसरले व्हते, ती द्याले मी मांगं स्टँडवर आलतो. पाह्यतो तं काय, तुमी टपरीवर दुधाचा, गोडमिट्ट चहा पिऊन ऱ्हायले! मंग म्या पिशवी तशीच वापस आनली."

"मंग बोलना काब नही?"

"बोललो असतो तं तुमी सुनंदाले घेऊन गेले असते. गाय दुसरी भेटते, सून नाही."

आतून ताई पदर खोचत आली. "आणि मी? बाप असा का वागतो म्हणून वर्षभर रडले. दोघंही म्हातारे सारखेच येडे!" आबांनी कप सुलटा केला आणि तिच्यापुढं धरला. "आनखी टाक वं माय." पुढं त्या गायीला कालवड झाली, ती नानांनी टेम्पोनं आमच्याकडं धाडली. खुंटीवरचं दावं आबांनी तिच्या गळ्यात घातलं. मग सुनंदाताईकडं त्यांच्या खेपा एवढ्या वाढल्या, की काकू म्हणायची, तिथंच बिल्ला मारून घ्या आता.

आबा गेल्यावर नाना दारावर, समाचाराला आले. ओट्यावर माणसं बसलेली. दुखवट्याचं घर म्हणून कुणीतरी सगळ्यांसाठी कोरा चहा आणला. नानांनी कपात पाहिलं. डोळे भरलेले होते, तरी म्हणाले, "दूध टाकून आना बाप्पा. नाहीतं आबाले वाटंल, मीच रुसलो."

ताई फसकन हसली आणि हसता हसता रडली. काकूही हसली... त्या दिवसात पहिल्यांदा. मी उठून दूध घातलेला चहा आणला. गोठ्यात कालवड कान हलवत होती, तिच्या कानातला बिल्ला मीच मारलेला. नानांनी चहा बशीत ओतला, सावकाश प्यायला आणि कप उचलून आबांच्या ओट्यावर, आबांच्या बशीत, पालथा घातला.