गच्चीवर काढायचं राहिलेलं सोनं

शाळेतून निवृत्त झाले त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी सोनं काढायला घेतलं. यांचा कॉम्प्युटर क्लास बंद पडल्यापासून चौदा मशिनं आमच्या पेठ रोडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत चादरीखाली पडून होती. मोबाईलवर एक माणूस तसल्याच मशिनांतल्या सर्किटच्या पट्ट्या ॲसिडमध्ये टाकून पिवळा कण काढून दाखवत होता. त्याच्या हातात मोजेसुद्धा नव्हते. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेलं. याला जमतं तर मला का नाही, एवढाच माझा विचार.

अर्थात मी ते सुरक्षितपणे करणार होते. एका सकाळी रेनकोट, भांडी घासायचे रबरी मोजे आणि यांचं हेल्मेट घालून गच्चीवर गेले. वाळूच्या घमेल्यात ॲसिडच्या दोन बाटल्या, शेजारी सोड्याच्या पाण्याची बादली. बाटल्या अजून उघडल्या नव्हत्या, तोवर रेनकोटात मीच घामानं भिजले होते.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मावशी बियाण्यासाठी झेंडू वाळवायला वर आल्या. मखमलाबादला त्यांचं फुलांचं शेत आहे.

"बाई, पाऊस येनार हाय का?"

मी हेल्मेटच्या आतूनच त्यांना सगळं समजावलं. धातू कसा विरघळतो, वाफ किती वाईट, वाऱ्याकडे पाठ का करायची. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आन् सोनं निघाल्यावर त्या पान्याचं काय करायचं?"

"कुठल्या पाण्याचं?"

"ज्यात हे विरघळनार त्या. त्यात तांबं, शिसं, समदंच उतरंल ना? आम्ही फवारनीचा पंप धुतलेलं पानीबी विहिरीजवळ वतत नाय."

मी हेल्मेटची काच वर केली, पुन्हा खाली केली. तीस वर्षं मी मुलांना एकच सांगत आले होते : उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओता आणि नळ सोडा.

बाटल्या न उघडताच दुकानदाराला परत दिल्या. पण हौस फिटली नव्हती. मग ॲसिडाविना जेवढं होईल तेवढं करू म्हणून मी कात्री घेतली आणि पट्ट्यांच्या पिवळ्या कडा कापायला बसले. दोन दिवस हे लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी पक्कड घेऊन शेजारी बसले. कुठलं मशीन कधी घेतलं, कुठल्या मशीनवर कोण मुलगी टायपिंग शिकली आणि आज कुठं नोकरीला आहे, हे सगळं सांगत ते कडा कापायचे. क्लास बंद झाल्यापासून मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

लोणच्याची अर्धी बरणी भरल्यावर ती घेऊन आम्ही सराफ बाजारात एका झारेकऱ्याकडे गेलो. सोनारांच्या दुकानातला केर धुऊन त्यातलं सोनं काढणारा हा म्हातारा माणूस. त्यानं दोन तुकडे नखानं खरवडले.

"ताई, हे सोनं नाही. सोन्याचा नुसता हात फिरवलाय. एवढ्यासाठी भट्टी पेटवणं परवडत नाही." मग बरणी माझ्याकडे सरकवत म्हणाला, "आणि घरी ॲसिड करू नका. माझ्या वडिलांची छाती त्यानंच गेली."

मी बरणी उचलली, मान हलवली आणि बाहेर आले.

शेवटी आम्ही दोघांनी मशिनं आणि बरणी टेम्पोत घालून अंबडला इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या कारखान्यात नेली. तिथल्या माणसानं मशिनं उतरवून घेतली, मग बरणी उन्हात धरली.

"हे कोणी कापलं? अख्ख्या पट्ट्या आणायच्या ना! आमच्याकडे सगळं यंत्रातच जातं. कापताना उलट थोडं सोनं वाया गेलं असेल."

हे गेटबाहेर येईपर्यंत गंभीर होते. टेम्पोत बसल्यावर मात्र हसू लागले, आणि त्र्यंबक नाक्यापर्यंत त्यांचं हसू काही थांबलं नाही. टेम्पोवाल्यानं दोनदा वळून पाहिलं. मी सरळ समोर बघत बसले होते, पण नाक्यावरच्या सिग्नलला मलाही आवरलं नाही.